खांड बांधल्यानंतरची वर्षे

आपत्तीनंतर शासन आणि समाज जे काही करतात त्याचे बचाव, मदत आणि पुनर्वसन असे तीन टप्पे सामान्यतः मानले जातात. पहिला तासांत मोजला जातो, दुसरा आठवड्यांत आणि तिसरा वर्षांत. पहिल्या दोन टप्प्यांसाठी आज बऱ्यापैकी यंत्रणा उभी आहे, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसते आणि त्याचा शेवटही दिसतो. तिसऱ्या टप्प्याचा शेवट मात्र कोणत्या खुणेने ओळखावा हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. घर पुन्हा उभे राहिले म्हणजे कुटुंब सावरले, असा एक सोयीचा समज त्यामुळे रूढ झाला आहे. खाडीकाठच्या गावांच्या बाबतीत हा समज किती अपुरा ठरतो हे पाहायचे असेल, तर रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील हमरापूर परिसर आणि त्याच्या भोवतालचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा पट्टा, हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडचे स्थानक असलेले हमरापूर बाहेरच्या जगाला गणपतीच्या कारखान्यांमुळे ठाऊक आहे. हमरापूर, जोहे, कळवे आणि तांबडशेत या गावांत बाराही महिने मूर्ती घडतात आणि त्यांतील बऱ्याच मूर्ती रंग न देता, कच्च्या स्वरूपात, इतरत्र रवाना होतात. मात्र या विभागाचे जुने अर्थकारण मूर्तींवर नव्हे, तर भातावर आणि खाडीवर उभे होते. पाताळगंगा, भोगावती आणि अंबा या नद्या येथे धरमतरच्या खाडीकडे उतरतात, आणि समुद्र नजरेला पडत नसला तरी त्याची भरती दिवसातून दोनदा या नद्यांच्या मुखांतून आत शिरते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती, जिला स्थानिक लोक उधाण म्हणतात, पाच मीटरच्या जवळपास पोहोचू शकते. भातखाचरांची पातळी अनेक ठिकाणी या उंचीपेक्षा कमी असल्यामुळे येथील शेत आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध एवढेच काय ते अंतर असते.

त्या बांधाच्या आधाराने भरतीच्या पाण्यापासून जमीन सोडवून घेण्याच्या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात. चिकण मातीचा, बाहेरच्या अंगाला दगडांनी मजबूत केलेला लांबच लांब बांध घालायचा आणि आतले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी त्यात ठरावीक ठिकाणी उघाड्या ठेवायच्या, ही तिची रचना. उघाडी म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याचा दाब ते बाहेर ढकलून उघडतो आणि भरतीच्या वेळी खाडीचे पाणीच त्याला दाबून बंद करते. त्यामुळे कोणी माणूस तेथे उभा नसला तरी चंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे हे दार आपोआप चालते. या साध्या दिसणाऱ्या यंत्रणेने कोकणातील हजारो हेक्टर जमीन भाताखाली आणली. बांध घालून नव्याने लागवडीस आणलेल्या अशा जमिनींना पेण-अलिबागकडे शिलोत्री नावाची स्वतंत्र धारणापद्धतीही होती, यावरून जमीन समुद्राकडून मिळवली जाते आणि टिकवावी लागते ही जाणीव महसुली व्यवस्थेतही मुरलेली होती असे दिसते.

मातीचा बांध आपोआप टिकत नाही. खेकडे त्यात बिळे पाडतात, पावसाने माथा झिजतो, लाटांनी पायथा कोरला जातो, आणि अलीकडे खाडीतून जाणाऱ्या मोठ्या बार्जेसमुळे उठणाऱ्या लाटांबद्दलही खाडीकाठचे शेतकरी तक्रार करत आले आहेत. एखादे बीळ वेळेत बुजवले नाही तर त्यातून पाणी झिरपू लागते आणि एखाद्या उधाणाच्या रात्री बांधाचा तेवढा तुकडा वाहून जातो. बांधाला पडलेल्या या भगदाडाला खांड म्हणतात. खांड पडली की दिवसातून दोनदा येणारी प्रत्येक भरती ती रुंद करते. म्हणूनच पहिल्या एकदोन ओहोट्यांच्या आत खांड बांधायची, त्यासाठी ज्यांची शेते बांधाच्या आत आहेत त्या प्रत्येकाने माणूस, माती आणि वेळ द्यायचा, ही खारेपाटातील जुनी रीत होती आणि ज्या सामूहिक व्यवस्थेतून हे काम होई तिला जोळ असे नाव होते. जोळाचे शहाणपण भावनेपेक्षा हिशेबावर उभे होते: एका शेतकऱ्याच्या शेतासमोरची खांड ही शेजारच्या सर्व शेतांची खांड असते, कारण पाणी सातबारा पाहून शिरत नाही.

खांड बांधून झाली की आपत्ती संपली असे बाहेरून वाटते. वास्तविक तिचा दीर्घ भाग तेथून सुरू होतो, आणि त्याचे कारण मीठ हे आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, म्हणजे पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे ते उतरते आणि चैत्र-वैशाखात ते समुद्राच्या जवळ जाते. त्यामुळे जुलैतली खांड उभे पीक मारते, तर एप्रिल-मेमधली, जेव्हा शेतात काहीही उभे नसते आणि त्यामुळे नुकसान झाल्याचे दिसतही नाही, जमीन अधिक खोलवर बिघडवू शकते. पाणी ओसरले तरी क्षार मातीत राहतात, आणि भाताच्या मुळांना, विशेषतः रोप लहान असताना व फुलोऱ्याच्या काळात, अशा मातीतून पाणी ओढून घेणे कठीण जाते. भोवती पाणी असूनही रोप तहानेने मरते, असे त्याचे वर्णन करता येईल.

मातीतील क्षारांचे प्रमाण तिच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. मातीच्या संपृक्त अर्कातून वीज जितकी सहज वाहते तितके त्यात क्षार अधिक; ही वाहकता दर मीटरला 4 डेसीसीमेनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानली जाते. त्याहून वेगळा आणि अधिक चिवट दोष म्हणजे चोपणपणा. खाऱ्या पाण्यातील सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेल्या कॅल्शियमची जागा घेतो, कण एकमेकांपासून सुटतात, आणि पाऊस पडताच माती लापशीसारखी होऊन पुढे वाळल्यावर दगडासारखी घट्ट बनते, त्यामुळे पाणी खाली मुरतच नाही. कोकणाचे भाग्य असे की येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो क्षार धुऊन नेण्याचे काम फुकट करतो. परंतु त्यासाठी खांड पक्की बंद असावी लागते, उघाडी चालू असावी लागते आणि धुतलेले पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी असावी लागते. यांपैकी एकही अट चुकली तर पावसाळ्यात खाली गेलेले क्षार उन्हाळ्यात केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसू लागतो. जमीन पूर्ववत होण्यास त्यामुळे एक नव्हे तर अनेक पावसाळे लागू शकतात.

याच प्रश्नाला दुसऱ्या एका देशाने कसे तोंड दिले हे येथे पाहण्यासारखे आहे. 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी 1953 च्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळी भरतीने नेदरलँडच्या नैर्ऋत्य भागातील बांध फोडले आणि त्या देशात 1,836 माणसे मृत्युमुखी पडली. तेथील शेवटची खांड औवेरकेर्क या गावी बुजवली गेली ती 6 नोव्हेंबर 1953 रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनी. डच शासनाने आपले काम तेथे संपले असे मानले नाही. खारावलेल्या शेतांत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मोठ्या प्रमाणावर टाकण्यात आले, जेणेकरून कॅल्शियम मातीच्या कणांवर परत बसावा आणि सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर निघून जावा. कोकणातील आणि तेथील माती व पाऊस सारखे नाहीत, त्यामुळे उपाय जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी गोष्ट ही की तेथे शेतातले मीठ हे आपत्तीचाच एक भाग समजले गेले आणि त्याच्या निवारणाचा खर्च पुनर्निर्माणाच्या खर्चात धरला गेला.

महाराष्ट्रात तसे होत नाही, आणि याचा पुरावा 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर वापरल्या गेलेल्या मदतीच्या निकषांत मिळतो. अरबी समुद्रात तयार झालेले हे वादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर आणि झोत 120 किलोमीटरपर्यंत होते, आणि ज्येष्ठातल्या पौर्णिमेला दोनच दिवस उरले होते. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, रोहा या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे व कौले उडाली आणि विजेचे खांब मोडल्यामुळे अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. राज्य शासनाने नेहमीच्या निकषांपेक्षा अधिक मदत जाहीर केली: पूर्ण पडलेल्या घरासाठी 95,100 रुपयांऐवजी दीड लाख आणि फळबागांसाठी हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ही वाढ योग्यच होती. पण नारळाचे नवे झाड धरायला सहासात वर्षे घेते आणि पोफळीही जवळपास तेवढीच; एका वर्षाची भरपाई आणि सात वर्षांची प्रतीक्षा यांचा मेळ केवळ रक्कम वाढवून बसत नाही.

भातशेतीच्या बाबतीत निकषांची भाषा अधिक बोलकी आहे. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे 2015 ते 2020 या काळातील निकष पाहिले तर कोरडवाहू पिकाच्या नुकसानीस हेक्टरी 6,800 रुपये, शेतात साचलेला वाळू-गाळ काढण्यासाठी हेक्टरी 12,200 रुपये आणि दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेली तर हेक्टरी 37,500 रुपये अशा बाबी त्यांत आढळतात. गाळ काढण्यास पैसा आहे, मीठ काढण्यास नाही. ज्यांनी हे निकष रचले त्यांच्या डोळ्यांसमोर नदीचा पूर होता, खाडीचे उधाण नव्हते, एवढाच याचा अर्थ. समुद्राचे उधाण केंद्राच्या मूळ यादीत नसल्यामुळे महाराष्ट्राने ते अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे आणि आकस्मिक आग यांच्यासह राज्यापुरती आपत्ती म्हणून जाहीर केले, आणि त्यामुळे उधाणाने बुडालेल्या पिकाला मदत मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु ती मदतही बुडालेल्या पिकाला मिळते. पुढच्या हंगामात जे पीक लावताच आले नाही ते बुडालेलेही नसते, म्हणून त्याचा पंचनामा होत नाही.

हमरापूरच्या मूर्ती व्यवसायाची स्थिती याहून निराळी, पण याच दोषाचे दुसरे रूप दाखवणारी आहे. शेती बेभरवशाची झाल्यावर या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना या व्यवसायाने आधार दिला, म्हणजे एका अर्थाने पुनर्वसनाची कोणतीही शासकीय योजना नसताना लोकांनी स्वतः घडवलेले ते पुनर्वसन आहे. मात्र पत्र्याच्या शेडमधील कारखान्याचे सारे भांडवल जूनमध्ये मूर्तींच्या रूपाने फळ्यांवर मांडलेले असते. निसर्ग वादळ आले तेव्हा गणेश चतुर्थी, 22 ऑगस्ट, अकरा आठवड्यांवर होती. पत्रे उडालेल्या कारखान्यांत मूर्ती भिजल्या. न भाजलेली शाडूची मूर्ती पाण्याने सरळ विरघळते आणि भिजलेल्या प्लास्टरच्या मूर्तीवर रंग नीट बसत नाही. त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे सार्वजनिक मूर्तींची उंची चार फुटांपर्यंत व घरगुती मूर्तींची दोन फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली, त्यामुळे वादळातून वाचलेल्या मोठ्या मूर्तीही विकायच्या राहिल्या. त्या वेळच्या केंद्रीय निकषांत हस्तकारागिरांसाठी तरतूद होती, पण ती हत्यारांसाठी 4,100 आणि कच्च्या किंवा तयार मालासाठी 4,100 रुपये एवढीच. हातमागावर एकटा बसणारा विणकर समोर ठेवून ठरवलेली ही रक्कम शेकडो मूर्तींचा कारखाना आणि त्यात काम करणारी माणसे यांना लागू केली की ती मदत उरत नाही, नोंद उरते. शिवाय 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँक बुडाल्यामुळे या तालुक्यातील सामान्य माणसाच्या ठेवी अडकल्या होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपत्तीनंतर माणूस आधी स्वतःच्या शिल्लकीवर सावरतो आणि नंतर सरकारच्या मदतीवर, आणि येथे ती शिल्लकच पूर्वी एकदा वाहून गेली होती.

खांड वेळेत बांधली गेली नाही तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर पेण व अलिबाग तालुक्यांतील अनेक खाचरांत उभे आहे, आणि ते उत्तर म्हणजे कांदळवन. भरतीचे पाणी येत-जात राहिले की त्याच्याबरोबर तिवर आणि इतर खारफुटी झाडांच्या बिया येतात, दोनतीन वर्षांत रोपे दिसू लागतात आणि दहा वर्षांत शेताचे जंगल झालेले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि सप्टेंबर 2018 च्या निकालात हे संरक्षण अधिक ठाम केले. खासगी मालकीच्या जमिनीवरील कांदळवनालाही ते लागू आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता, आणि बांधाच्या बाहेरचे कांदळवन हे लाटांचा जोर मोडून बांधाचेच रक्षण करते हेही खरे. पण बांधाच्या आत उगवलेले कांदळवन ही शासकीय दुरुस्ती रखडल्याची खूण असते आणि तिची किंमत मात्र शेतकरी देतो: सातबाऱ्यावर त्याचे नाव राहते, शेत राहत नाही. ज्या जमिनीचे नैसर्गिक मूल्य समाजाला हवे आहे तिच्या मालकाला समाजाने त्याचा मोबदला द्यावा, ही मागणी न्याय्य आहे, आणि पुनर्वसनाच्या धोरणात तिला अजून जागा मिळालेली नाही.

धोकादायक जागेवरची वस्तीच उचलून दुसरीकडे न्यावी, असा एक सल्ला अशा वेळी दिला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवण्यात आली, आणि शेतकरी समाजात ते शक्य झाले कारण शिवार तेथेच राहिले, घर तेवढे हलले. खाडीकाठी हा उपाय चालत नाही. पेण तालुक्यातील दादर किंवा रावे यांसारख्या गावांतील मासेमारी करणाऱ्याला भरती-ओहोटीच्या वेळेनुसार, कधी मध्यरात्रीही, होडीपर्यंत पोहोचायचे असते आणि जाळे, इंधन, मासळी यांची ने-आण करायची असते. 2004 च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर तमिळनाडूत भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आतील कुटुंबांना दूरच्या घरांचा पर्याय देण्यात आला तेव्हा मच्छीमारांपुढे हाच पेच उभा राहिला होता. तेथे आणखी एक धडा मिळाला: देणगीदारांनी उत्साहाने इतक्या नव्या होड्या वाटल्या की काही भागांत होड्या वाढल्या आणि मासळीची वाटणी अधिक पातळ झाली.

राहता राहिला तो प्रश्न बांधाच्या मालकीचा. खोतीच्या काळात बांध राखण्याचे काम खोत व कुळे यांच्यात, अर्थातच खोताच्या सोयीने, वाटलेले होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 या काळात अलिबाग तालुक्यात झालेला चरीचा शेतकरी संप आणि स्वातंत्र्यानंतरचे खोतीविसर्जन व कूळकायदा यांमुळे जमीन कसणाऱ्याकडे आली, ही मोठी सामाजिक क्रांती होती. पण जमीन लहान तुकड्यांत वाटली गेली आणि बांध मात्र एकसंध राहिला. 1948 च्या खारजमीन कायद्याने आणि त्यानंतर 1979 च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ही जबाबदारी शासनाने हाती घेतली. तिच्यासाठी खारभूमी विकास विभाग काम करतो. यामुळे दगड, यंत्रे आणि निधी आला, पण जोळाची सवय मोडली. आता खांड पडली की शेतकरी अर्ज करतो, अभियंता अंदाजपत्रक करतो, आणि निविदेची मुदत भरते तोवर कित्येक उधाणे येऊन गेलेली असतात. जुनी व्यवस्था गरीब पण तत्पर होती, नवी सधन पण मंद आहे. पहिलीची तत्परता आणि दुसरीचा पैसा एकत्र आणण्यासाठी गावपातळीवरील बांध समितीच्या हाती खांड पडताक्षणी खर्च करता येईल असा थोडा निधी कायम ठेवणे, एवढी साधी गोष्टही पुष्कळ उपयोगी पडेल.

खांड बांधण्याची ही घाई आणखी एका कारणाने आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन होऊ घातले तेव्हा पेण तालुक्यातील, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले होते, आणि शेत पिकते की नाही हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता. 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील 124 गावांवर नव्या नगराचे नियोजन जाहीर झाले. अशा प्रदेशात नापीक राहिलेले खाचर फार काळ खाचर राहत नाही. विकणाऱ्याने विचारपूर्वक विकले तर तो त्याचा अधिकार आहे. खांड वेळेत न बांधल्यामुळे विकावे लागले तर त्याला स्वेच्छेचा व्यवहार म्हणणे अवघड आहे.

खारजमिनीत पीक परत आणण्याचे ज्ञान मात्र दूर नाही. राता नावाचा तांबडा, क्षार सोसणारा भात येथे पिढ्यान्‌पिढ्या पेरला जात असे, आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 अशा क्षारसहनशील जाती विकसित केल्या आहेत. खांडीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात अशी जात लावावी, शेततळ्यात गोडे पाणी साठवून त्यात जिताडा हा मासा वाढवण्याची खारेपाटाची जुनी रीत चालू ठेवावी, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर मातीची वाहकता मोजावी, असा क्रम आखणे कठीण नाही. उधाणग्रस्त शेताच्या पंचनाम्याला माती परीक्षणाचा कागद जोडला जावा आणि वाहकता 4 च्या खाली येईपर्यंत ते शेत आपद्‌ग्रस्त मानले जावे, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून शासनाकडे धाडावी. मातीचा नमुना तपासणारे पनवेल आणि तो पाठवणारे हमरापूर एकाच लोहमार्गावर आहेत.